त्रिवेणी बिराजदारची सही

परदेशी औषध खात्याच्या तपासणीला अकरा दिवस उरले होते, तेव्हा शिवराज सरांनी हैदराबादच्या कोठी बाजारातून पेनांचा एक डबा मागवला. पेनं पाच तऱ्हेची होती. सगळी निळीच, पण एकाची शाई गडद, एकाची जांभळट, एकाची विटक्या कपड्यासारखी. मीटिंग रूमच्या टेबलावर ती ट्रेमध्ये मांडली गेली आणि चौदा माणसं वर्षभराच्या प्रशिक्षणाच्या नोंदी एकाच दुपारी भरायला बसली. जानेवारीची सही एका पेनानं, मार्चची दुसऱ्यानं, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं की माणसं खरंच महिन्या-महिन्याला बसून शिकली आहेत. मधेच कुणीतरी विचारायचं, "जूनला कोणतं चाललंय?" आणि दुसरा समोशाचे तेलकट हात कागदालाच पुसत सांगायचा, "जांभळं."

त्रिवेणी दारात उभी राहून हे बघत होती. आत न जाता ती परत फिरली.

एकोणीस वर्षं ती या औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत होती. जीडीमेटलाच्या पुढे, दुतर्फा टँकर लागलेल्या रस्त्यावर तो कारखाना. तिचे वडील नामदेवराव उदगीरकडच्या एका खेड्यातून हैदराबादला येऊन सरकारी कचेरीत कारकून झाले, नारायणगुड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत मुलीला बी.एस्सी. केलं. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात उर्दू, असं तिघींना सांभाळत ती वाढली. लग्न झालं ते गौतमशी. त्याचं बेगम बाजारात हळद-मिरचीचं घाऊक दुकान. माणूस सरळ, बोलायला थोडका.

कंपनीत ती आधी प्रयोगशाळेत लागली. तेव्हा सगळं वहीत लिहायचं. पुढे यंत्रांना कॉम्प्युटर जोडले गेले, आणि वहीवाली माणसं बिचकली तेव्हा त्रिवेणीनं ते शिकून घेतलं. तिचं काम सांगायला सोपं होतं. गोळीची तपासणी करणारं यंत्र दर तपासणीची एक फाईल बनवतं. ती कुणी उघडली, कुणी पुसली, कुणी आकडा बदलला, याची नोंद कॉम्प्युटर आपसूक ठेवतो. त्या नोंदीला ऑडिट ट्रेल म्हणतात. त्रिवेणीनं ती नोंद वाचायची, आणि सगळं ठीक असेल तर खाली सही करायची. आधी या कामाचा तिला अभिमान होता. माणसाला दाबता येतं, पण यंत्राच्या नोंदीला कोण दाबणार, असं ती घरी कौतुकानं सांगे.

हा अभिमान कसा विटला ते तिचं तिलाच नीट कळलं नाही. नवं सॉफ्टवेअर आलं की ते बरोबर चालतं याच्या दोनशे चाचण्या करायच्या असतात. त्या न करताच केल्याचे कागद तयार व्हायला लागले. एकदा सल्लागार कंपनीनं पुरवलेल्या जाडजूड अहवालात त्रेचाळिसाव्या पानावर भलत्याच कारखान्याचं नाव तसंच राहिलेलं तिनं दाखवलं, तर शिवराज सर हसून म्हणाले, "चांगलं पाहिलंत ताई. पुसून टाका." आणि तिनं पुसलं. हे तिला पुढे फार आठवलं.

शिवराज सर गुणवत्ता विभागाचे प्रमुख, बिदरकडचे. तिला या विभागात त्यांनीच आणलं होतं. इतरांशी इंग्रजी आणि तेलुगू बोलणारा हा माणूस तिच्याशी मराठीत बोलायचा आणि दर वाक्यात "आपण एका मुलखाची माणसं" आणायचा. तपासणीच्या तयारीच्या त्या दिवसांत तिच्या टेबलाशी येऊन त्यांनी सदतीस कागदांची चळत ठेवली.

"ताई, एवढ्या सह्या करून टाका. संध्याकाळपर्यंत स्कॅनिंगला जायचंय."

"बघून करते सर. उद्या देते."

"बघायचं काय त्यात? मी बघितलेत. तुम्ही माझ्यावर भरोसा ठेवत नाहीत का?"

ते तिथंच उभे राहिले. फोनवर कुणाशी तरी बोलत, तिच्या टेबलावर बोटांनी ठेका धरत. त्रिवेणीनं सह्या केल्या. प्रत्येक कागदावर छापलेलं होतं, 'ऑडिट ट्रेल तपासला, काहीही वावगं आढळलं नाही.' त्याखाली सदतीस वेळा तिचं नाव.

दुसऱ्या दिवशी तपासनीसांसाठी फाईलींची यादी बनवताना तिला ते दिसलं.

यंत्र दर फाईलीला ओळीनं नंबर देतं. ऑगस्टच्या पाच तारखेच्या फाईलींमध्ये चार हजार एकशे एकनंतर थेट एकशे आठ होता. मधले सहा नंबर नव्हते. आणि त्याच पाच तारखेच्या नावावर आणखी सहा फाईली होत्या, पण त्यांचे नंबर चार हजार तीनशे नव्वदच्या पुढचे. तेवढे नंबर तर महिनाअखेरीला यायला हवेत. तिनं यादी दोनदा वाचली. मग कॉम्प्युटरच्या स्वतःच्या नोंदी काढल्या. महिनाअखेरच्या एका रविवारी, दुपारी सव्वाबाराला, कुणीतरी कॉम्प्युटरचं घड्याळ सव्वीस दिवस मागे नेलं होतं. चार तासांनी परत जागेवर आणलं होतं. तारीख मागे फिरली, पण नंबर पुढेच गेले. तेवढं करणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं.

ती गोळी आकडीच्या रोग्यांची होती. टिकतात का हे बघायला दीड वर्ष कपाटात ठेवलेल्या गोळ्या पाण्यात किती विरघळतात हे त्या दिवशी पाहायचं होतं. अर्ध्या तासात शंभरातले ऐंशी भाग विरघळायला हवेत. पुसलेल्या फाईली आता बघता येत नव्हत्या, पण यंत्राशेजारच्या छोट्या प्रिंटरच्या कागदी गुंडाळीवर पाच ऑगस्टचे आकडे राहून गेले होते. एकसष्ट. चौसष्ट. एकोणसाठ. म्हणजे गोळी पोटात जाऊनही अर्धीमुर्धी तशीच राहणार, आणि ज्यानं ती वेळेवर घेतली तो माणूस रस्त्यात आडवा होणार. नव्या सहा फाईलींत मात्र सगळे आकडे नव्वदच्या वर. गोळ्या कुणीतरी ताज्या घेतल्या होत्या.

आणि त्या दिवसाच्या ऑडिट ट्रेलच्या कागदाखाली सही होती त्रिवेणी बिराजदारची.

गुंडाळीचा फोटो काढून ती शिवराज सरांकडे गेली. त्यांनी दार लावून घेतलं. त्यांना धक्का बसला नाही, राग आला नाही. त्यांनी फक्त खुर्ची मागे रेलली.

"ही गोष्ट तुम्हाला आज कळायली का?"

"हौ."

"पण सही कालची आहे. तपासला, वावगं नाही, असं तुम्हीच लिहून दिलंत. आता काय सांगणार लोकांना? की मी न बघता सही करते?"

शिवराज सरांचा आवाज मऊ झाला. मऊ आवाजातच ते म्हणाले, "घाबरू नका. मी तुम्हाला अडकू देणार नाही. भाग्यलक्ष्मीनं त्या दिवशी यंत्र चालवलं होतं. तिची चूक म्हणून लिहू. मानवी चूक. तिला परत प्रशिक्षण दिलं असं दाखवू. हे सगळीकडे असंच बसवतेत."

त्यांच्या टेबलावर काजूकतलीचा डबा उघडा होता. बोलता बोलता त्यांनी तो तिच्यापुढे सरकवला. त्रिवेणी म्हणते, त्या माणसाच्या खोटेपणानं नाही, त्या काजूकतलीनं तिला मळमळलं.

भाग्यलक्ष्मी वरंगळकडची, सत्तावीस वर्षांची, प्रयोगशाळेत चौथं वर्ष. त्या दुपारी ती कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसलेली सापडली. डोक्यावरची निळी टोपी तशीच होती आणि नाक लाल झालं होतं.

"अक्का, कागद लिहून मागताहेत," ती तेलुगूतून म्हणाली. "रविवारी मला घरून बोलावलं. गोळ्यांची बाटली त्यांनीच दिली. घड्याळ कुणी फिरवलं ते मला माहीत पण नाही. माझ्याकडे तो पासवर्ड कुठंय?"

"बाटली बदललेली आहे हे तुला दिसलं का नाही?"

भाग्यलक्ष्मीनं मान खाली घातली. "दिसलं."

त्रिवेणीला तिचीही किळस आली. मग आपल्या सदतीस सह्या आठवल्या आणि ती बाकावर तिच्या शेजारी बसली.

"कागद लिहू नको," ती म्हणाली. "निदान मी सांगेपर्यंत लिहू नको."

घरी त्या आठवड्यात तिला जेवण जाईना. गौतमनं दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या विचारलं, "काय झालंय? जेवायली का नाहीस?"

तिनं सगळं सांगितलं. गौतम भाकरी मोडत ऐकत राहिला.

"सगळ्या कंपन्यांत थोडंफार असंच चालतंय म्हणतेत."

"तुझ्याकडे कुणी लाल रंग मिसळलेली मिरची आणून टाकली तर?"

"पोतं परत करीन."

"आणि पोतं चांगलं आहे म्हणून तूच सही करून घेतलं असशील तर? आणि अर्धं विकून झालं असेल तर?"

गौतमनं हातातला घास ताटात ठेवला. "मग अवघड हाय," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "नोकरी जाईल तुझी."

"जाईल."

"मग जाऊ दे. पण जेव आधी."

तपासणीच्या आधी सल्लागार कंपनीचा एक माणूस येऊन सगळ्यांना उत्तरं द्यायला शिकवून गेला. विचारलं तेवढंच बोला. माहीत असलं तरी 'बघून सांगतो' म्हणा. गप्प बसायला घाबरू नका. टाय लावलेला तो माणूस हे इतक्या सहज सांगत होता, की जणू पोहायला शिकवतोय. शेजारच्या खोलीत आणखी आठ-दहा जण बसवले होते. तपासनीस जो कागद मागतील तो आधी त्या खोलीत जायचा, तिथं त्याची छाननी व्हायची, लागलं तर डागडुजी व्हायची, आणि मगच पुढच्या खोलीत यायचा. त्या खोलीला सगळे कौतुकानं 'वॉर रूम' म्हणत. युद्ध कुणाशी, हे त्रिवेणीला विचारावंसं वाटलं. आकडीच्या रोग्यांशी?

तपासायला दोघं आले. त्यातली बाई साठीकडे झुकलेली, आखूड पांढरे केस, पायात धावायचे बूट, पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची. तिसऱ्या दिवशी तिनं ऑगस्टचा तो कागद आणि फाईलींची यादी मागितली, आणि सही करणाऱ्यांना बोलवा म्हणाली. त्रिवेणी जाऊन बसली. शेजारी शिवराज सर, समोर त्यांचा लॅपटॉप उघडा.

"ही यादी पूर्ण आहे का?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"पूर्ण आहे," शिवराज सर म्हणाले.

"मी यांना विचारलं."

त्रिवेणीचे हात टेबलाखाली होते. ते तिनं वर घेतले.

"नाही," ती म्हणाली. "सहा फाईली नाहीत. चार हजार एकशे दोन ते एकशे सात. त्या पुसल्या आहेत. त्यांच्या जागी दाखवलेल्या सहा फाईली महिनाअखेरच्या रविवारी बनवल्यात, घड्याळ मागे नेऊन, दुसऱ्या गोळ्या घालून. खाली सही माझी आहे. मी न बघता केली होती."

शिवराज सरांच्या लॅपटॉपवर वॉर रूममधून संदेश उमटला, तो तिला बसल्या जागेवरून वाचता आला: तिला बाहेर काढा.

बाई मान वर न करता लिहीत होत्या. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"सही केल्याच्या दुसऱ्या दिवशी."

"कुणाला सांगितलं?"

"यांना."

"त्यांनी काय केलं?"

"दुसऱ्या एका मुलीची चूक म्हणून लिहायचं ठरवलं. तिच्याकडे घड्याळ फिरवायचा पासवर्ड नाही. पासवर्ड कुणाकडे आहे ते तुम्हाला पासवर्डच्या यादीत दिसेल."

तिला वाटलं होतं, यानंतर काहीतरी होईल. कुणी ओरडेल, नाहीतर ती बाई तरी एखादा बरा शब्द बोलेल. बाईंनी पान उलटलं आणि प्रिंटरची मूळ गुंडाळी मागितली. बस्. बाहेर व्हरांड्यात शिवराज सर तिच्या अगदी जवळ येऊन दातांतून म्हणाले, "आपल्या माणसाला कापलंत तुम्ही." त्रिवेणीला त्यांच्या तोंडचा वेलदोड्याचा वास आला. ती दोन पावलं मागे सरली आणि स्वतःच्या टेबलाशी जाऊन बसली.

पुढचं सगळं आणखी गचाळ होतं. परदेशात गेलेल्या त्या बॅचच्या गोळ्या परत मागवल्या गेल्या. निर्यात थांबली. पॅकिंगमधली ठेकेदाराची माणसं कमी झाली, आणि त्यांना काढलं ते त्रिवेणीमुळे, असं कंपनीच्या बसमध्ये तिला ऐकू येईल इतक्या आवाजात बोललं जाऊ लागलं. तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. ज्यांनी पाच शाईंच्या सह्या केल्या होत्या ती माणसं तिच्याकडे बघून खिडकीबाहेर थुंकायची.

पण तिचं मन अडलं होतं दुसरीकडेच. त्याच गोळ्या वेगळ्या वेष्टनात इथल्या दुकानांतही जात होत्या. बॅचचा नंबर वेगळा, पण त्याच दिवशी, त्याच यंत्रावर दाबलेल्या. त्यांचं काय, असं तिनं बैठकीत विचारलं.

"इथल्या मालाची तपासणी नव्हती," एका मोठ्या साहेबांनी सांगितलं. "जे विचारलेलं नाही त्यात कशाला शिरायचं?"

परदेशातल्या रोग्याच्या फिटला किंमत, आणि नारायणगुड्यातल्या औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभ्या माणसाच्या फिटला नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिनं घरीच अर्ज लिहिला. इंग्रजीत, अडीच पानं, बॅचचे नंबर, गुंडाळीवरचे आकडे, आपल्या सहीची कबुली, सगळं. गौतमनं दुकान उशिरा उघडलं आणि स्कूटरवरून तिला राज्याच्या औषध खात्याच्या कचेरीत नेलं. तिथल्या कारकुनानं अर्ज घ्यायला कांकूं केली, उद्या या म्हणाला. त्रिवेणी बाकावर बसून राहिली. दीड वाजता कंटाळून त्यानं पोचेचा शिक्का मारला.

दोन महिने काही झालं नाही. मग एक दिवस बातमी आली की खात्याच्या माणसांनी दुकानांतून नमुने उचलले, ते नापास झाले, आणि ती बॅच बाजारातून काढायचा हुकूम निघाला. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी होत्या. कंपनीचं नाव होतं, तिचं नव्हतं. तिनं ते पान गौतमला दाखवलं. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाला, "छान."

तोवर कंपनीत तिची चौकशी चालू झाली होती. साऱ्या प्रकरणात लेखी पुरावा एकाच गुन्ह्याचा होता: त्रिवेणी बिराजदारनं न बघता सही केली. तिनं ते स्वतःच सांगितलं होतं. भाग्यलक्ष्मीचा जबाब वाचून दाखवला गेला. त्यात लिहिलं होतं, त्रिवेणी मॅडमना सगळं आधीपासून ठाऊक होतं. खाली गोल अक्षरातली तिची इंग्रजी सही. त्रिवेणीनं तो कागद हातात घेऊन बघितला आणि परत दिला. त्यांनी राजीनामा मागितला, तिनं दिला.

चार दिवसांनी भाग्यलक्ष्मीचा फोन आला.

"अक्का, त्यांनी लिहून घेतलं."

"माहीत आहे मला."

"मी करायला नको होतं."

"नको होतं," त्रिवेणी म्हणाली. तिनं तिला माफ केलं असं नाही. पण पलीकडून हुंदका आला तेव्हा तिनं विचारलं, "जेवलीस का?" भाग्यलक्ष्मी नाही म्हणाली. "जेव आधी. आणि दुसरी नोकरी बघ. तिथं राहू नको."

शिवराज सर मात्र कुठं पडले नाहीत. सहा महिन्यांत ते त्याच सल्लागार कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेले. एका हॉटेलात औषध कंपन्यांसाठी त्यांचं दोन दिवसांचं शिबिर होतं, विषय 'नोंदींचा प्रामाणिकपणा'. त्याचं रंगीत पत्रक कुणीतरी त्रिवेणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. फोटोत सर हात जोडून हसत होते. त्याच्या पाठोपाठ त्या टायवाल्याचाही फोन आला. बाजारात तुमच्या नावाला आता वजन आहे मॅडम, आमच्याकडे या, तुमचा चेहरा असला की गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो, असं तो म्हणाला.

"माझा चेहरा?" त्रिवेणी म्हणाली.

"हां मॅडम, प्रामाणिक चेहरा."

तिनं फोन ठेवला आणि साबणानं हात धुतले. मग तिचं तिलाच हसू आलं, की फोनवरच्या घाणीला साबण काय करणार.

मोठ्या कंपन्यांतल्या चार मुलाखती झाल्या. सगळीकडे आधीची नोकरी का सोडली हा प्रश्न आला आणि तिनं खरं सांगितलं. एका ठिकाणी तिला चहा पाजून निरोप दिला, एका ठिकाणी चहाही नाही. शेवटी कोठीला दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत प्रभाकर देशमुखांची छोटी प्रयोगशाळा होती, पाणी, तेल, मसाले तपासून देणारी, तिथं तिनं विचारलं. देशमुख सत्तरीचे, पूर्वी कॉलेजात प्राध्यापक. त्यांनी तिचा नोकरीचा अर्ज वाचला नाही.

"औषध खात्यात अर्ज दिला होता त्या बाई तुम्हीच का?"

"हौ. पण आधी खोटी सहीपण मीच केली होती."

"ते कळलं. उद्यापासून या."

पहिल्या दिवशी ती गेली तर एकच जुना कॉम्प्युटर, त्यावर काम करणारी तिघं जणं, आणि तिघांनाही एकच पासवर्ड. तो मॉनिटरच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून ठेवलेला. देशमुख सरांना त्रिवेणीनं बाहेर बोलावलं.

"सर, हे आज बदलायचं. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. नाहीतर मी बसत नाही."

"आज? अहो बाई, कॉम्प्युटरवाला चार दिवसांनी येतो."

"मला येतं करायला. तुम्ही फक्त तिघांना सांगा की आजपासून ज्याचं काम त्याच्याच नावावर."

देशमुख सरांनी कपाळाला हात लावला, पुटपुटले, आणि आत जाऊन तिघांना सांगितलं. एक जण कुरकुरला, "एवढं परेशान व्हायची काय गरज?" त्रिवेणीनं पदर खोचला, चिकटपट्टी नखानं खरवडून काढली, आणि कामाला बसली. पहिला नमुना गौतमचं दुकान आहे त्याच बेगम बाजारातल्या हळदीचा होता.